निवृत्त जहाजाचे कलाघर कसे करावे: धक्क्याच्या शोधापासून अखेरच्या प्रवासाच्या तरतुदीपर्यंत

पूर्व जर्मनीतील श्ट्राल्झुंडच्या गोदीत १९६४ साली बांधलेले ‘श्टुब्निट्झ’ हे सुमारे ८० मीटर लांबीचे जहाज खोल समुद्रात पकडलेले मासे गारठवून बंदरात आणण्याचे काम करीत असे. जर्मनीच्या एकीकरणानंतर हे जहाज ज्यात होते तो रोस्टॉक बंदराचा मासेमारी ताफा मोडीत निघाला आणि १९९२ मध्ये कलावंतांच्या एका गटाने हे जहाज ताब्यात घेतले. माशांच्या कोठ्यांत संगीताचे मंच उभे राहिले. मात्र इंजिनघर, सुकाणूघर आणि डेकवरची यंत्रे त्यांनी काढून टाकली नाहीत. ज्या यंत्रांवर जहाज चालत आले होते ती यंत्रे जपली, खलाशांचे काम शिकून घेतले आणि नव्वदच्या दशकात हेच जहाज सेंट पीटर्सबर्ग, माल्मो अशा बंदरांपर्यंत स्वतःच्या बळावर नेले. पुढे हॅम्बुर्गच्या जुन्या बंदरभागात ते प्रयोगशील संगीताचे ठिकाण म्हणून ओळखले जाऊ लागले.

असे काही आपणही करावे, असे अनेक नाट्यसंस्थांना, वास्तुरचनाकारांना आणि परदेशातील मराठी मंडळांना वाटते. त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन क्रमवार लिहिले आहे. यातील क्रम मुद्दाम राखलेला आहे, कारण असे बहुतेक प्रकल्प कलेच्या अंगाने सुरू होतात आणि पाण्याच्या अंगाने बुडतात. जहाज ही तरंगणारी इमारत नाही. तिच्या भिंती रोज झिजत असतात, तिची जमीन प्रेक्षक हलले की हलते, आणि तिला उभे राहण्यासाठी लागणारी जागा दुसऱ्याच्या मालकीची असते.

पहिली पायरी: आधी धक्का, मग जहाज

जहाज विकत घेणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग आहे. भंगाराच्या भावाच्या थोडी वर रक्कम दिली की जहाज मिळते. पण ते पुढील दहा-पंधरा वर्षे कोठे बांधून ठेवायचे याचा लेखी करार हातात नसेल, तर पहिल्या महिन्यापासून बंदराचे भाडे चढू लागते आणि डागडुजीसाठी ठेवलेले पैसे त्यातच संपतात. म्हणून धक्क्याचा करार होईपर्यंत जहाजाच्या मालकाला आगाऊ रक्कमही देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

धक्का पाहताना सर्वप्रथम पाण्याची चढउतार मोजावी. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात ‘थेक्ला’ हे कलाघर झालेले जुने मालवाहू जहाज ज्या बंदरात उभे आहे, तेथे १८०९ पासून जलद्वारांच्या साहाय्याने पाण्याची पातळी जवळपास स्थिर ठेवली जाते. रंगभूमी असलेल्या जहाजाला याहून चांगली जागा क्वचितच मिळेल. हंगेरीतील बुडापेस्टमध्ये ‘ए-३८’ हे असेच कलाजहाज डॅन्यूब नदीत उभे आहे. तेथे भरती-ओहोटी नाही, पण पूर आहे. जून २०१३ मध्ये तेथील मापपट्टीवर नदी ८९१ सेंटीमीटरपर्यंत चढली होती. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांतील फरक पाच मीटरच्या आसपास जातो, भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. हा फरक प्रेक्षकांच्या पायाखाली येतो. चाकाच्या खुर्चीसाठी पुलाचा उतार १ : १२ हवा असे धरले, तर चार मीटरच्या फरकाला ४८ मीटर लांबीचा पूल लागेल. एवढी लांबी बहुतेक ठिकाणी मिळत नाही, म्हणून जहाज आणि धक्का यांच्यामध्ये तरंगता तराफा ठेवून जहाजाकडील पुलाचा उतार स्थिर करावा लागतो. धक्क्याकडील उतार तरीही उरतोच आणि त्याची लांबी वळणे देऊन काढावी लागते. हा आराखडा धक्का निवडण्याच्या वेळीच कागदावर काढून पाहावा.

ओहोटीच्या तळाशी जहाज गाळावर टेकते का, हेही पाहावे. सपाट तळाची बार्ज, म्हणजे माल वाहणारी पसरट नौका, गाळावर बसली तरी निभावते. निमुळत्या बुडाचे जहाज कलते, आणि प्रयोग चालू असताना ते कलणे कोणालाही परवडणारे नाही.

कोकणात याच्या जोडीला पावसाळा आहे. आपल्याकडे होड्या पावसाच्या तोंडावर किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटतात. हे शहाणपण मोठ्या जहाजालाही लागू आहे, पण ८० मीटरचे जहाज ओढून घेता येत नाही. त्यामुळे नैर्ऋत्य वाऱ्याला उघडा असलेला कोणताही धक्का वर्षभराच्या कलाघरासाठी बाद समजावा. खाडीच्या आतली किंवा जलद्वारांच्या गोदीतली जागाच शोधावी. मुंबई बंदराच्या हद्दीत तेथील प्राधिकरणाची, आणि राज्याच्या इतर किनाऱ्यावर महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते. किनाऱ्यावर तिकीटघर किंवा प्रतीक्षागृह बांधायचे असल्यास किनारी नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना आधी वाचावी. पाण्यावरील जहाजापेक्षा जमिनीवरची छोटी खोलीच मंजुरीला जास्त अवघड जाऊ शकते.

दुसरी पायरी: कोणते जहाज घ्यावे

जहाजाच्या पोटात मोठी, खांब नसलेली, सरळ भिंतींची मालाची कोठी, म्हणजे खलाशी जिला होल्ड म्हणतात ती, आहे का, हा निवडीचा पहिला निकष. ‘थेक्ला’ हे १९५८ मध्ये जर्मनीत बांधलेले किनारी मालवाहू जहाज. १९८३ मध्ये ते संडरलंडहून ब्रिस्टलला आणून त्याच्या कोठीत रंगमंच उभारला गेला. ‘ए-३८’ हे १९६८ चे दगड वाहणारे युक्रेनी जहाज, ‘आर्त्योमोव्स्क ३८’. त्याच्या पोटात संगीत सभागृह आणि वर उपाहारगृह करून ते २००३ मध्ये खुले झाले. दोन्हींच्या यशात मालवाहू जहाजाच्या साध्या, मोकळ्या पोटाचा वाटा आहे. पॅरिसमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेले ‘बातोफार’ ही मुळात आयर्लंडच्या पाण्यातील दीपनौका, म्हणजे एका जागी उभी राहून इतर जहाजांना दिवा दाखवणारी नौका, होती. लाल रंगाची आणि दिव्याच्या मनोऱ्याची ही नौका दुरूनच ओळखू येई, पण दीपनौकेत माल वाहण्याची कोठीच नसते, त्यामुळे आतली जागा अरुंद असते. रूप पाहून जहाज निवडणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

इंजिन नसलेल्या बार्जचाही विचार अवश्य करावा. ओल्गा ब्लूम या व्हायोलिनवादक बाईंनी १८९९ ची, एकेकाळी कॉफी वाहणारी बार्ज घेऊन १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाखाली चेंबर संगीताच्या मैफिली सुरू केल्या. शंभर-दीडशे रसिकांसाठी एवढे पुरते. प्रवासी जहाजे मात्र टाळावीत. शेकडो छोट्या खोल्यांचे विभाजन तोडण्यात जितका पैसा जातो, तितक्यात दोन बार्ज सजतील.

तिसरी पायरी: पत्र्याची पाहणी

खरेदीपूर्वी जहाज कोरड्या गोदीत चढवून पाहणीतज्ज्ञाकडून पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने मोजून घ्यावी. पाण्यात उभ्या जहाजाची आतून केलेली पाहणी अपुरी असते. सर्वाधिक झीज जलरेषेच्या पट्ट्यात होते, कारण तेथे पत्रा रोज ओला होतो, वाळतो आणि हवेतील प्राणवायूशी भिडतो. मूळ जाडीच्या साधारण २० ते २५ टक्क्यांहून अधिक झीज असेल, तर तो पत्रा कापून बदलण्याचा खर्च खरेदी किमतीत धरावा. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा ठिगळासारखा जोडलेला दिसला, तर तो भाग दुप्पट काळजीने तपासावा. दोन पत्र्यांच्या मधली गंज यंत्राला सहज दिसत नाही.

‘थेक्ला’च्या जलरेषेजवळ बँक्सी या भित्तिचित्रकाराने काढलेले चित्र २०१४ मध्ये पत्र्यासकट कापून शहरातील एम शेड संग्रहालयात नेण्यात आले. जहाजावरील कोणतीही गोष्ट, कलाकृतीसुद्धा, शेवटी पत्र्याच्या आयुष्याशी बांधलेली असते, हे त्यातून चांगले कळते.

पत्रा गंजू नये म्हणून बुडाला ॲनोड, म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, लावतात. खाऱ्या पाण्यात जस्ताचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. जहाज समुद्रातून नदीत किंवा नदीतून खाडीत आणले असेल, तर जुने ॲनोड तसेच ठेवू नयेत. किनाऱ्यावरून वीज घेतली की आणखी एक धोका येतो. वीजवाहिनीच्या भूयोजन (अर्थिंगच्या) तारेतून शेजारच्या जहाजाशी आणि धक्क्याच्या लोखंडाशी विद्युत मंडल जुळते आणि आपल्या बुडाचे लोखंड झपाट्याने खाल्ले जाते. विलगीकरण ट्रान्सफॉर्मर बसवल्यास हे थांबते. त्याचा खर्च एका गोदीफेरीपेक्षा, म्हणजे जहाज कोरड्या गोदीत नेऊन केलेल्या डागडुजीपेक्षा, खूपच कमी असतो.

चौथी पायरी: विष आणि बंद टाक्या

१९८० पूर्वीच्या जवळपास प्रत्येक जहाजात ॲस्बेस्टॉस असते, असे गृहीत धरूनच काम सुरू करावे. वाफेच्या नळ्यांची वेष्टने, जोडांमधील गॅस्केट आणि खोल्यांमधील आगरोधक फळ्या ही त्याची नेहमीची ठिकाणे आहेत. जुन्या रंगात शिसे असते, केबलच्या आवरणात आणि विद्युत उपकरणांत पीसीबी ही विषारी रसायने असू शकतात, बुडाच्या जुन्या रंगात ट्रायब्युटिल टिन हे विषारी संयुग असू शकते. मासे वाहणाऱ्या जहाजात शीतकरणाचा वायूही उरलेला असू शकतो. अमोनिया असल्यास तो तज्ज्ञांकडूनच काढून घ्यावा. जहाजांच्या सुरक्षित पुनर्वापराचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झाला आहे आणि त्यात घातक द्रव्यांच्या यादीचा जो नमुना आहे तो अशा रूपांतरासाठीही उत्तम आराखडा ठरतो. ही यादी तयार होईपर्यंत स्वयंसेवकांच्या हाती हातोडा किंवा ग्राइंडर देऊ नये.

आता जे लिहितो आहे ते प्रत्येक स्वयंसेवकाला प्रत्यक्ष समोर बसवून सांगावे. वर्षानुवर्षे बंद असलेल्या पोलादी टाकीत गंज चढताना हवेतील प्राणवायू शोषला जातो. बाहेर २१ टक्के असलेला प्राणवायू आत जीवघेण्या पातळीपर्यंत उतरलेला असतो, आणि त्याला ना वास असतो ना रंग. आत उतरलेला माणूस शिडीवरच कोसळतो, आणि त्याला वाचवायला धावत खाली गेलेला दुसराही कोसळतो. म्हणून कोणतीही टाकी उघडून, पंख्याने पुरेशी हवा खेळवून, यंत्राने वायू मोजून, लेखी परवाना देऊन आणि दारावर एक माणूस उभा करूनच आत जावे. दारावरच्या माणसाने कोणत्याही परिस्थितीत आत उतरायचे नाही. त्याने फक्त मदत बोलवायची. या एका नियमात सूट देणाऱ्या व्यवस्थापकाने हे काम सोडून द्यावे, इतके हे गंभीर आहे.

पाचवी पायरी: तोल

कलाघर करताना जहाजाच्या तळाशी असणारा शेकडो टन माल नाहीसा होतो, आणि वरच्या बाजूला बार, छप्पर, ध्वनियंत्रणा, माणसे असे नवे वजन येते. गुरुत्वमध्य वर सरकतो. जहाज सुंदर दिसू लागते आणि त्याच वेळी अस्थिर होऊ लागते. म्हणून आराखडा पक्का करण्यापूर्वी आणि काम संपल्यावर, अशी दोनदा कलचाचणी करावी.

ही चाचणी समजून घेण्यासारखी आहे. समजा जहाजाचे वजन १,५०० टन आहे. शांत पाण्यात, दोर सैल सोडून, दोन टनांचे वजन डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे सहा मीटर सरकवले. पोटात टांगलेला तीन मीटर लांबीचा ओळंबा ३० मिलिमीटर हलला. म्हणजे कल १०० ला १ झाला. सरकवलेले वजन गुणिले अंतर, म्हणजे १२, याला जहाजाचे वजन गुणिले कल, म्हणजे १५, याने भागले की ०.८ मीटर हे उत्तर मिळते. यालाच मध्यांतर उंची म्हणतात. ही जितकी कमी, तितके जहाज कलायला सैल.

आता याच जहाजावर ४०० प्रेक्षक आहेत असे धरू. प्रत्येकी ७५ किलो म्हणजे ३० टन. आतषबाजी पाहायला किंवा एखाद्या गायकाला निरोप द्यायला सगळे एका कठड्याकडे तीन मीटर सरकले, तर जहाज चार अंशांहून थोडे अधिक कलेल. १२ मीटर रुंदीच्या डेकची कड सुमारे ४५ सेंटीमीटर खाली जाईल. लोक दचकतील, पण निभावेल. वरच्या डेकवर जड छप्पर घातल्यामुळे तीच मध्यांतर उंची ०.४ मीटरवर आली असेल, तर कल दुप्पट होईल, खुर्च्या घसरतील आणि घाबरलेले लोक खालच्या बाजूलाच लोटले जातील. वरच्या डेकवर एका वेळी किती माणसे, हा आकडा या गणितातून येतो. तो दरवाजावर ठळक लावावा आणि मोजणीची व्यवस्था ठेवावी.

यावर उपाय म्हणजे तळाशी कायमचे वजन भरणे. पाण्याचे बॅलास्ट (तोल राखण्यासाठीचे भरीव वजन) स्वस्त आहे, पण अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी कलाबरोबर त्याच बाजूला धावते आणि कल वाढवते. टाकीच्या मधोमध लांबीच्या दिशेने भिंत घातली, तर हा परिणाम एक चतुर्थांशावर येतो. काँक्रीटचे ठोकळे किंवा पोलादी लाद्या यांच्यात ही अडचण नाही, मात्र त्या अशा बसवाव्यात की खालचा पत्रा तपासण्यासाठी उचलता येतील. तळाशी थेट काँक्रीट ओतणे ही चूक अनेक जुन्या बोटींत झालेली दिसते. गंज त्याखाली चालू राहतो आणि तो कोणालाही दिसत नाही.

दारे-खिडक्यांबाबत एकच नियम पुरे: जलरेषेच्या वरच्या पहिल्या मीटरभरात नवे छिद्र पाडू नये, आणि जलरोधक आडभिंतींमध्ये प्रेक्षकांसाठी दार पाडायचे असल्यास नौकारचनाकाराच्या लेखी संमतीशिवाय पाडू नये. जहाज एका कोठीत पाणी शिरूनही तरंगते ते या आडभिंतींमुळेच.

सहावी पायरी: आग आणि बाहेर पडण्याच्या वाटा

प्रत्येक सभागृहातून, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या, दोन वाटा वर डेकपर्यंत आणि डेकवरून धक्क्यापर्यंतही दोन पूल असावेत. कोठीत एकच खलाशी शिडी असते. तिला वाट म्हणू नये. पोलादी भिंत स्वतः जळत नाही, पण पलीकडच्या आगीने तापून अलीकडच्या पडद्याला पेटवते, म्हणून इंजिनघर, स्वयंपाकघर आणि प्रेक्षागृह यांमधल्या भिंतींना दगडी लोकरीचे साठ मिनिटांचे अस्तर द्यावे. अग्निशमन दलाला आराखडा कागदावर दाखवून थांबू नये, जवानांना बोलावून जहाज आतून फिरवावे. अंधारात, धुराने भरलेल्या जहाजात वाट सापडणे त्यांनाही कठीण जाते. आग विझवण्यासाठी ओतलेले पाणी जहाजातच साठते आणि तोल घालवते, हेही त्यांच्याशी आधीच बोलून ठेवावे. रूपांतराच्या काळात सर्वांत धोक्याचे काम वेल्डिंगचे असते. काम संपल्यावरही भिंतीच्या दुसऱ्या बाजूला एक माणूस बराच वेळ पहाऱ्यावर ठेवावा.

सातवी पायरी: आवाज

रिकामी पोलादी कोठी म्हणजे घंटा. २० मीटर लांब, १२ मीटर रुंद, ५ मीटर उंच कोठीचे घनफळ १,२०० घनमीटर आणि पृष्ठभाग ८०० चौरस मीटर होतो. उघडे पोलाद ध्वनीचा सुमारे ५ टक्के भाग शोषते असे धरले, तर टाळी वाजवल्यावर तिचा निनाद जवळजवळ पाच सेकंद रेंगाळतो. संवाद ऐकू येण्यासाठी तो सुमारे एका सेकंदावर आणावा लागतो, आणि त्यासाठी जवळपास १९० चौरस मीटर पूर्ण शोषक पृष्ठभागाइतका परिणाम लागतो. दोनशे प्रेक्षक त्यातील साधारण अर्धा भाग स्वतःच्या अंगावर घेतात. उरलेला छताला आणि मागच्या भिंतीला द्यावा. ‘श्टुब्निट्झ’सारख्या मासेवाहू जहाजात कोठ्यांना मुळातच शीतगृहाचे जाड अस्तर असते, आणि ते उष्णता तसेच ओल दोन्हींसाठी उपयोगी पडते. इतर जहाजांत प्रेक्षकांच्या श्वासाची वाफ थंड पत्र्यावर जमून वाद्यांवर ठिबकते, म्हणून अस्तर पत्र्याला सलग चिकटलेले हवे, मागे हवेची पोकळी नको.

बाहेर जाणारा आवाज ही वेगळी बाब आहे. ढोलकी-संबळ किंवा बास स्पीकरचे खालचे सूर वेल्ड केलेल्या सांगाड्यातून थेट बाहेर जातात आणि पाण्यावरून अडथळ्याविना पलीकडच्या काठापर्यंत पोहोचतात. मंच आणि स्पीकर रबरी गाद्यांवर, सांगाड्यापासून अलग बसवावेत. ‘थेक्ला’च्या समोरच्या काठावर घरे उभारण्याचा प्रस्ताव आला तेव्हा रहिवाशांच्या तक्रारींनी जहाज बंद पडेल, या चिंतेने मोठी मोहीम उभी राहिली. जुलै २०१८ मध्ये इंग्लंडच्या नियोजन धोरणात, नवीन बांधकाम करणाऱ्यानेच ध्वनिरोधनाची जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व आले. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंदी आहे आणि बंदिस्त सभागृहांना त्यातून वगळलेले आहे. तेव्हा रात्रीचे कार्यक्रम कोठीत आणि डेकवरचे संध्याकाळी, असेच वेळापत्रक आखावे.

आठवी पायरी: वीज, पाणी, शौचालये

वीज किनाऱ्यावरून घ्यावी. जहाजाचे जुने जनित्र आपत्कालीन दिव्यांसाठी आणि पंपांसाठी ठेवावे. जलरेषेखालच्या शौचालयांचे सांडपाणी पंपानेच वर चढते, म्हणून दुसरा पंप तयार ठेवावा आणि साठवण टाकी किनाऱ्यावरच्या मलवाहिनीला जोडावी. पाण्यात काहीही सोडू नये. तळाशी साचणाऱ्या पाण्याला आवाज देणारा इशारा बसवावा, आणि तो इशारा रात्री झोपेतून उठून ऐकणारा माणूस जहाजावर मुक्कामी असावा.

नववी पायरी: माणसे आणि पैसा

पहिला पगारी माणूस कार्यक्रम-संयोजक नसावा, इंजिनघराचा जाणता असावा. निवृत्त खलाशी, तांडेल, गोदीतले वेल्डर यांना सुरुवातीपासून सोबत घ्यावे. आठवड्यातून एक दिवस रंग खरवडण्याचा, वंगण घालण्याचा ठेवावा आणि त्यात कलावंतांनीही उतरावे. ‘श्टुब्निट्झ’ तीन दशकांहून अधिक काळ टिकले त्यात या श्रमाचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते. जे जहाज हाताळले जाते त्यातील बिघाड लवकर दिसतो.

अंदाजपत्रक उलट्या दिशेने करावे. पुढच्या गोदीफेरीचा खर्च गोदीकडून लेखी मागवावा, त्यात पत्रा बदलण्यासाठी मोठी भर घालावी, ती रक्कम मधल्या वर्षांनी आणि वर्षातल्या प्रयोगांनी भागावी. जो आकडा येईल तो प्रत्येक प्रयोगाच्या उत्पन्नातून त्याच रात्री वेगळ्या खात्यात गेला पाहिजे. गोदीफेरीच्या काळात काही महिने कार्यक्रम बंद राहतील आणि पगार मात्र चालू राहतील, हेही त्यात धरावे. अनुदाने नव्या उपक्रमांना मिळतात, बुडाच्या रंगाला सहसा मिळत नाहीत.

मुंबईकरांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका जानेवारी १९९७ मध्ये नौदलातून निवृत्त झाली, संग्रहालय म्हणून लोकांनी ती प्रेमाने पाहिली, आणि २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ती प्रेक्षकांना बंद झाली. २०१४ मध्ये दारूखान्याच्या किनाऱ्यावर तिचे तुकडे होऊ लागले. लोकांच्या मनात जागा असूनही पत्र्याच्या देखभालीचा कायमचा वाली नसेल तर काय होते, ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

दहावी पायरी: अखेरच्या प्रवासाची तरतूद

गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर जून २००० मध्ये रुतलेले ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे खनिजवाहू जहाज एका तपापर्यंत तेथेच गंजत राहिले, आणि त्या काळात किनाऱ्याची वाळू व गावाची शांतता दोन्ही गेली. ते कलाघर नव्हते, पण निकामी जहाज हलवण्याची जबाबदारी वेळेवर पार पडली नाही की किती वर्षे जातात, ते त्यावरून कळते. म्हणून उद्घाटनापूर्वीच तीन कागद तयार असावेत: जहाज ओढून नेण्याच्या आणि तोडण्याच्या खर्चाइतकी ठेव, संस्था बंद पडल्यास ती ठेव वापरण्याचा बंदराला दिलेला लेखी अधिकार, आणि घातक द्रव्यांची अद्ययावत यादी. बुडालेले जहाज उचलण्याचा खर्च समाविष्ट असलेला विमा याला जोडावा. या कागदांची एक प्रत बंदर अधिकाऱ्याकडे आणि एक सुकाणूघरातील पेटीत ठेवावी, आणि दर गोदीफेरीनंतर पत्र्याच्या जाडीचा नवा तक्ता त्याच पेटीत जोडत जावा.